पुण्याची मैलापाणी शुद्धीकरण सेवा: प्रक्रिया चोख, पोहोच अपुरी

मालमत्ता कराच्या बिलातून पुणेकर मलनिस्सारणाचेही पैसे भरतात, त्यामुळे मैलापाणी शुद्धीकरण ही एक सेवा म्हणूनच तपासायला हवी. मात्र तिचा खरा लाभार्थी शहरात राहत नाही. तो मुळा-मुठेच्या आणि पुढे भीमेच्या काठी, दौंड-इंदापूरपासून पंढरपूरपर्यंत राहतो.

शुद्धीकरण केंद्राच्या आत जे घडते त्याला मी मनापासून दाद देतो. जाळ्यांवर कचरा अडवला जातो, वाळू आणि गाळ खाली बसतो आणि मग पाणी वायुवीजन टाकीत येते. तिथे ब्लोअरने सतत हवा सोडून कोट्यवधी जीवाणू जगवले जातात आणि ते पाण्यात विरघळलेली घाण खाऊन टाकतात. हे जीवाणू नदीतही हेच काम करतात, पण तिथे त्यासाठी लागणारा प्राणवायू ते माशांच्या वाट्याचा घेतात. लिटरमागे तो चार मिलिग्रॅमच्या खाली गेला की अनेक माशांना तग धरणे कठीण होऊ लागते. नदीचा प्राणवायू वाचावा म्हणून तो खर्च टाकीत विजेच्या बळावर करायचा, हे या सेवेचे मर्म आहे, आणि म्हणूनच वीज खंडित झाल्यावर पर्यायी व्यवस्था तयार असणे ही माझ्या मते तिची पहिली कसोटी आहे.

क्षमतेच्या बाबतीत मात्र ही सेवा शहराच्या वाढीमागे पडली. जपानच्या 'जायका' संस्थेच्या कर्जातून ९९०.२६ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला, तेव्हा शुद्धीकरणाची क्षमता दिवसाला ४७७ दशलक्ष लिटर होती. त्यात अकरा नव्या केंद्रांची ३९६ दशलक्ष लिटरची भर पडायची होती, आणि त्यांतले एकट्या नायडू येथील केंद्र १२७ दशलक्ष लिटरचे. हे सारे जानेवारी २०२२ पर्यंत पूर्ण करण्याचे ठरले होते. प्रत्यक्षात तोवर कामाने वेगही घेतलेला नव्हता. एवढ्या विलंबाचे समर्थन मला करता येत नाही, कारण त्या काळात शहर वाढतच राहिले आणि प्रक्रियेविना सुटणारे मैलापाणी नदीनेच सोसले.

याच प्रकल्पात सुमारे ११३ किलोमीटरच्या मलवाहिन्याही आहेत. चर्चा नेहमी टाक्यांची होते, पण मला या वाहिन्या अधिक महत्त्वाच्या वाटतात. आंबिल ओढा आणि नागझरी यांसारख्या प्रवाहांत वस्त्यांचे सांडपाणी थेट मिसळत असेल, तर पलीकडे उभ्या असलेल्या केंद्राची क्षमता कितीही असो, ते पाणी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. जमिनीखालचे हे काम कोणाला दिसत नाही आणि त्याचे उद्घाटनही थाटात होत नाही. तरीही नदी वाचते ती प्रामुख्याने त्याच कामामुळे.

आणखी एक उणीव रासायनिक आहे. भैरोबा नाल्यासारख्या जुन्या केंद्रांतील पद्धत सेंद्रिय घाण काढण्यासाठी आखलेली आहे. साबण, डिटर्जंट आणि मलमूत्रातून येणारे फॉस्फरस आणि नायट्रोजन तिच्यातून बऱ्याच प्रमाणात निसटतात. दिसायला स्वच्छ असलेले हे पाणीही जलपर्णीला खत ठरते, आणि ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) उजनी जलाशयात साठून ते तिथले पाणी हिरवे करते. याच उजनीवर सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्याची भिस्त आहे.

मुंढव्याच्या जॅकवेलची, म्हणजे पाणी उपसणाऱ्या विहिरीची, योजना मला या सेवेतला सर्वांत आश्वासक भाग वाटते, कारण शुद्ध केलेले पाणी तिथून उचलून बेबी कालव्याने हवेली-दौंडच्या शेतीला दिले जाते. धरणाचे तेवढे पाणी त्यामुळे वाचू शकते. मात्र ज्या शेतकऱ्याने हे पाणी घ्यायचे, त्याला प्रत्येक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी रोज, मराठीत आणि कालव्यावरच वाचायला मिळाली पाहिजे. ती सोय होईपर्यंत या सेवेला मी पाचापैकी तीनच गुण देईन.