मार्लिन १८९५: तिघींपैकी कोणती घ्यावी?

मार्लिन कंपनीच्या १८९५ या लिव्हरच्या शिकारी रायफलीच्या तीन प्रकारांपैकी, म्हणजे एसबीएल, ट्रॅपर आणि गाइड गन यांपैकी, गाइड गन घ्या. एसबीएल देखणी आहे, ट्रॅपर एकदा हातात आली की खाली ठेववत नाही, तरीही गाइड गनच घ्या. हे मी ओहायोत, कोलंबसच्या पूर्वेकडच्या टेकड्यांमध्ये, डिसेंबरच्या थंडीत हरणामागे जाणाऱ्यांसाठी लिहितेय. अलास्कात अस्वलांच्या शेजारी राहणाऱ्यांनी दुसऱ्या कुणाला तरी विचारावं.

या रायफलीचं ४५-७० हे एवढं दांडगं काडतूस हरणाला कशाला, हे आधी सांगते. कणकवलीहून भावाने फोनवर विचारलंच होतं, "ताई, तिकडे हत्ती आहेत काय?" कारण कायद्यात आहे. इथे शेत संपलं की लगेच कुणाचं तरी घर लागतं, त्यामुळे लांब पल्ल्याच्या रायफली हरणावर चालत नाहीत. पूर्वी बहुतेक जण शॉटगन वापरत. २०१४ पासून रायफल चालते, पण काडतूस सरळ भिंतीचं हवं, म्हणजे पितळी कवच तोंडाशी बाटलीसारखं आवळलेलं नको आणि गोळीचा व्यास ०.३५७ ते ०.५० इंचांच्या मधे हवा. या नियमात ४५-७० आरामात बसतं. अमेरिकी लष्कराने हे काडतूस १८७३ साली घेतलं. नावातले ४५ म्हणजे गोळीचा व्यास, इंचाचे शंभरांश. ७० म्हणजे त्या वेळी भरायची काळी दारू, ग्रेन या वजनाच्या एककात. दीडशे वर्षांचं म्हातारं काडतूस एका राज्याच्या नियमामुळे पुन्हा दुकानाच्या पुढच्या फळीवर आलं.

बंदुकीचा इतिहासही असाच तुटक आहे. मूळ १८९५ मॉडेल १९१७ मध्ये बंद झालं आणि १९७२ साली नव्या रूपात परत आलं. त्याच वर्षी आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला, हा निव्वळ योगायोग. पुढे २००७ मध्ये मार्लिन रेमिंग्टनकडे गेली, २०२० मध्ये रेमिंग्टनचं दिवाळं निघालं आणि रुगर या दुसऱ्या बंदूक कंपनीने मार्लिन विकत घेतली. रुगरची पहिली १८९५ नॉर्थ कॅरोलिनातल्या मेयोडनच्या कारखान्यातून २०२१ च्या शेवटी बाहेर पडली. ती एसबीएल होती. हे सगळं सांगायचं कारण, जुनी बंदूक घेताना साल बघावंच लागतं. नळीवर 'जेएम' असा शिक्का असेल तर ती कनेटिकटच्या जुन्या कारखान्याची, लोक तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात. क्रमांकाची सुरुवात 'आरएम' ने असेल तर रुगरची. मधल्या, रेमिंग्टनच्या काळातल्या बंदुकांबद्दल लोकांच्या बऱ्याच तक्रारी होत्या, तेव्हा त्यातली एखादी स्वस्तात मिळत असली तरी लिव्हर (पुढचं काडतूस भरायला खाली ओढायचा दांडा) दहा वेळा चालवून, लाकूड आणि लोखंडाचा सांधा निरखून मगच हो म्हणा.

आता तिघी. एसबीएल आणि गाइड गन यांची नळी १९ इंचांची, ट्रॅपरची १६ ची. तिघींचं वजन सव्वातीन किलोच्या आसपास, तिघींना मोठं लिव्हर, तिघींच्या नळीच्या टोकाला सप्रेसरसाठी (आवाज कमी करणाऱ्या नळकांड्यासाठी) आटे. मॅगझिनमध्ये पहिल्या दोघींत सहा काडतुसं, ट्रॅपरमध्ये पाच. दुकानदार या सहा-पाचवर बराच वेळ बोलतो. ओहायोत हरणाला जाताना चेंबर (नळीत बारासाठी काडतूस बसतं ती जागा) आणि मॅगझिन मिळून तीनच भरायची परवानगी आहे, म्हणजे तो मुद्दा आपल्यापुरता रद्द.

ट्रॅपर आखूड, झुडपातून चालायला सुरेख. पण नळी जितकी आखूड तितका आवाज डोक्याच्या जवळ फुटतो. रेंजवर कानात प्लग आणि वरून मफ्स असे दोन्ही असूनही मला तिचा बार नकोसा झाला. शिवाय आखूड नळीमुळे पुढचा भार कमी होतो, उभ्याने नेम धरला की टोक भिरभिरतं. मचाणावर नळीला काही टेकू मिळाला तर हे जाणवत नाही. चालत, थांबत शिकार करणाऱ्याला जाणवतं.

एसबीएलचं सगळं भांडवल म्हणजे चकचकीत स्टेनलेस, वरची लांब रेल (स्कोप बसवायची पट्टी) आणि मागची गोल घोस्ट-रिंग साइट, म्हणजे नेम धरायची कडी. साइट खरोखर उत्तम, पहाटेच्या अपुऱ्या उजेडातही लवकर सापडते. पण स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, लावायचा ठरवलं की ती साइट पैसे देऊन घेतलेली शोभा. आणि हिवाळ्यात पानगळीनंतर, ऊन तिरपं पडलेलं असताना, तो पॉलिश केलेला पोलाद दुरून चमकतो. नियमाने अंगावर भडक केशरी जॅकेट घालतोच, मग चकाकीचं काय एवढं, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. हरणाला केशरी रंग आपल्यासारखा दिसत नाही, चमक मात्र दिसते, एवढं त्याला सांगून मी विषय बंद केला.

गाइड गन साधी: काळपट निळं पोलाद, तपकिरी लॅमिनेटचा दस्ता, मागे जुन्या पद्धतीची खाचेची साइट. ती साइट मला आवडत नाही. पण तिघींत किंमत हिचीच कमी आणि स्कोप लावायला भोकं तयार आहेत. गंजेल, हो. कोकणात वाढलेल्या माणसाला गंजाचं काय नवल. घरी आल्यावर तेलाचं फडकं फिरवायचं. वडिलांची शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक अशीच टिकली.

मोठ्या लिव्हरबद्दल एक शब्द. सिनेमात ते दिमाखासाठी असतं, इथे हातमोज्यासाठी. शून्याखाली तापमान असताना जाड मोज्यातली बोटं लहान लिव्हरमध्ये अडकतात. बंदुकीच्या घोड्याचंही, म्हणजे मागच्या हातोडीचंही, तसंच. स्कोप बसवला की घोडा मागे ओढायला अंगठ्याला जागा उरत नाही, म्हणून घोड्याला लागणारा छोटा बाजूचा खुंट बसवून घ्याच. मार्लिनचं रिकामं कवच वरून न उडता बाजूने उडतं, त्यामुळे स्कोप मात्र छान खाली बसतो.

धक्का. मी पाच फूट दोन इंच आहे, त्यामुळे हा प्रश्न मला सगळे विचारतात. साधी कारखान्याची काडतुसं जुन्या ट्रॅपडोर (त्या काळच्या लष्करी) बंदुका फुटू नयेत अशा हलक्या दाबाची असतात, ती खांद्याला झेपतात. त्यापेक्षा जहाल, खास लिव्हर बंदुकांसाठीचीही मिळतात, पण हरणासाठी त्यांची गरज नसते. खांदा उगाच सोलून निघतो. मी हॉर्नाडी कंपनीची ३२५ ग्रेन वजनाची गोळी वापरते. तिचं टोक मऊ आहे. या बंदुकीच्या मॅगझिनच्या नळीत काडतुसं एकामागोमाग असतात आणि एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला (जिच्यावर आघात झाला की बार उडतो) टेकतं, म्हणून कडक टोकदार गोळी यात कधीच घालू नये. दोनशे यार्डांपलीकडे ही गोळी भराभर खाली येते. आमच्या टेकड्यांत तेवढं लांब दिसतंच कुठे?

हेन्री या दुसऱ्या कंपनीच्या लिव्हर-रायफलीचा विचार जरूर करा. तिच्या काही मॉडेल्सची मॅगझिनची आतली नळी पुढून ओढली की काडतुसं सरळ ओतून काढता येतात. गाडीत ठेवण्याआधी बंदूक रिकामी करणं इथे बंधनकारक आहे, आणि मार्लिन रिकामी करताना बहुधा प्रत्येक काडतूस लिव्हरने चेंबरमधून फिरवावं लागतं. बोटं गारठलेली असताना मला ते आवडत नाही. हेन्रीची एक्स मालिका मात्र मला जड वाटली. जपानमध्ये मिरोकूने बनवलेली विंचेस्टर १८८६ सुंदर आहे, पण कवच वरून उडतं, म्हणजे स्कोपची कटकट.

व्हिसावाल्यांसाठी: ग्रीन कार्ड असेल तर फॉर्म आणि एफबीआयची तपासणी होऊन बंदूक मिळते. एच-वनवर मुळात बंदी आहे, शिकारीच्या परवान्याचा अपवाद आहे, पण वकिलाला विचारल्याशिवाय दुकानात पाय ठेवू नका. आणि खासगी जमिनीवर जायचं तर मालकाची लेखी परवानगी खिशात हवी.

गाइड गन घेऊन जे पैसे वाचतील ते कमी ताकदीच्या चांगल्या स्कोपवर आणि काडतुसांच्या दोन डब्यांवर घाला. एकेका बाराला दोन-तीन डॉलर पडतात, सराव महाग आहे, तरी सराव करा.