लारावेलमध्ये ऑटोकम्प्लीट: आयडीई-हेल्पर, लारावेल आयडिया की व्हीएस कोडचं एक्स्टेन्शन?

लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कमधलं सभासदांचं एखादं मॉडेल, म्हणजे टेबलाशी जोडलेला क्लास, उघडून पाहा. आत फारसं काही नसतं: एक-दोन नाती (दुसऱ्या मॉडेलशी जोडणी), एखादा कास्ट (किंमत कुठल्या टाइपमध्ये द्यायची त्याची नोंद), एखादा स्कोप (क्वेरीची ठरलेली अट). नाव, जन्मतारीख, खातं उघडल्याचा दिवस ही सगळी माहिती डेटाबेसच्या टेबलात असते; क्लासमध्ये त्या नावाची एकही प्रॉपर्टी नसते. कोडमध्ये बाण टाकून कॉलमचं नाव लिहिलं की पीएचपीला ते क्लासमध्ये सापडत नाही, म्हणून ते 'गेट' ही मॅजिक मेथड चालवतं आणि एलोक्वेंट, म्हणजे लारावेलची डेटाबेस हाताळणारी लायब्ररी, आपल्याजवळच्या अ‍ॅरेमधून किंमत काढून देतं. फसाडचंही तसंच. वरून स्टॅटिक दिसणारा कॉल आत लारावेलच्या कंटेनरमधल्या (सर्व्हिसचे ऑब्जेक्ट तयार करून देणारा भाग) खऱ्या ऑब्जेक्टकडे वळवला जातो. प्रोग्रॅम चालत असताना यात काही अडत नाही. एडिटर मात्र कोड चालवत नाही, नुसता वाचतो. त्यामुळे बाणानंतर यादी येत नाही, आणि कॉलमच्या नावातली स्पेलिंगची चूक पान उघडेपर्यंत लपून राहते.

ही माहिती एडिटरपर्यंत पोचवायचे तीन मार्ग आज वापरात आहेत, शिवाय हाताने लिहिण्याचा जुना मार्ग आहेच. निवड करताना बहुतेक जण कुठल्या साधनात जास्त सोयी आहेत ते मोजतात. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: कॉलमची माहिती हे साधन कुठून घेतं? चालत्या अ‍ॅप्लिकेशनमधून आणि डेटाबेसमधून, की मायग्रेशनच्या, म्हणजे टेबलातले बदल कोडमध्ये लिहून ठेवणाऱ्या, फायली वाचून? पुढचे बहुतेक फायदे-तोटे या एका उत्तरातून निघतात.

काही न बसवता किती मिळतं

जुने लेख वाचले तर पहिला सल्ला असतो की नवा प्रोजेक्ट सुरू केला की लगेच फसाडसाठी हेल्पर फाइल तयार करा. आता त्याची गरज बरीच कमी झाली आहे. लारावेलच्या स्वतःच्या फसाड क्लासवर मेथडची यादी डॉकब्लॉकमध्ये, म्हणजे कोडच्या वरच्या खास कॉमेंटमध्ये, लिहिलेली असते आणि फ्रेमवर्कची टीम ती अद्ययावत ठेवते. २०२२ च्या ९ व्या आवृत्तीत कलेक्शनला जेनेरिक टाइप (आत कुठल्या प्रकारच्या वस्तू आहेत ते सांगणारे) आले, आणि ११ व्या आवृत्तीच्या काळात क्वेरी बिल्डर आणि नाती यांनाही आले. त्यामुळे पीएचपीस्टॉर्म किंवा व्हीएस कोडमधलं इंटेलिफेन्स यांना आज पूर्वीपेक्षा खूप जास्त कळतं.

एक सवय लावून घेण्यासारखी आहे. मॉडेलच्या नावावरून थेट 'व्हेअर' मेथड बोलवण्याऐवजी आधी 'क्वेरी' मेथड बोलवा आणि मग 'व्हेअर'. 'क्वेरी' ही खरीखुरी लिहिलेली मेथड आहे, तिचा रिटर्न टाइप एडिटरला दिसतो, आणि पुढची सगळी साखळी कुठलंही प्लगइन नसताना उलगडते. तसंच, कंट्रोलरमध्ये फसाडऐवजी कन्स्ट्रक्टरमधून टाइप लिहून सर्व्हिस मागवली तर एडिटरला अंदाज बांधावाच लागत नाही. सिम्फनी हे दुसरं पीएचपी फ्रेमवर्क वापरणाऱ्यांना हा सगळा त्रास कमी होतो तो याच कारणानं.

तरीही कॉलमची नावं उरतातच. खरी तुलना तिथे सुरू होते.

आयडीई-हेल्पर

बॅरी फान डेन ह्यूवेल यांचं हे पॅकेज या क्षेत्रात सगळ्यात जुनं आणि सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं. कंपोझरनं (पीएचपीचा पॅकेज मॅनेजर) डेव्हलपमेंटपुरतं बसवायचं, मग आर्टिसनच्या (लारावेलची कमांड-लाइन) तीन मुख्य कमांड मिळतात: फसाडसाठी 'जनरेट', मॉडेलसाठी 'मॉडेल्स' आणि कंटेनरमधून काय बाहेर येतं ते पीएचपीस्टॉर्मला सांगणारी 'मेटा'. मॉडेल्सची कमांड डेटाबेसला जोडते, प्रत्येक टेबलचे कॉलम वाचते, कास्ट पाहून टाइप ठरवते, रिकामा राहू शकणारा कॉलम असेल तर नलही लिहिते. नाती, अ‍ॅक्सेसर, स्कोप हेही ती शोधते. शेवटी जे तयार होतं ते साधं डॉकब्लॉक, आणि हाच या पॅकेजचा सगळ्यात मोठा गुण. डॉकब्लॉक पीएचपीस्टॉर्मला कळतं, इंटेलिफेन्सला कळतं, व्हिममध्ये फॅक्टर (Phpactor) वापरणाऱ्यालाही कळतं. टीममध्ये प्रत्येकाचा एडिटर वेगळा असेल तर दुसरं काहीही इतकं सर्वांना पुरत नाही.

खरा निर्णय बसवल्यानंतर घ्यावा लागतो: ते डॉकब्लॉक लिहायचं कुठे? कमांड तुम्हाला तीन वाटा देते.

पहिली वाट म्हणजे मॉडेलच्या फायलीतच लिहिणं. वाचायला हे छान वाटतं, कारण मॉडेल उघडलं की टेबलाची रचना समोर. पण ही माहिती प्रत्येकाच्या आपापल्या डेटाबेसमधून येते. एकानं कालची मायग्रेशन चालवलेली असते, दुसऱ्यानं नसते. दोघांनी कमांड चालवली की एकाच फायलीत दोन वेगळे डॉकब्लॉक तयार होतात आणि मर्ज करताना भांडण सुरू होतं. एकट्यानं चालवलेल्या प्रोजेक्टला ही वाट ठीक आहे. चार-सहा जणांच्या टीममध्ये मी ती घेणार नाही.

दुसरी वाट, सगळं एका वेगळ्या फायलीत ठेवायचं आणि ती गिटबाहेर ठेवायची. रिपॉझिटरी स्वच्छ राहते. पण त्या फायलीत तोच मॉडेल क्लास दुसऱ्यांदा जाहीर केलेला असतो. त्यामुळे एडिटरमध्ये क्लासच्या व्याख्येकडे जायला क्लिक केलं की दोन जागा समोर येतात, आणि काही एडिटर एकाच नावाचे दोन क्लास असल्याची तक्रारही करतात.

तिसरी वाट फार कमी जणांना माहीत असते आणि मला तीच सगळ्यात पटते: 'राइट-मिक्सिन' हा पर्याय. यात मॉडेलच्या डॉकब्लॉकमध्ये मिक्सिनची (दुसऱ्या क्लासमधलं सगळं इथलंही धरा असं सांगणारी) जेमतेम एक नोंद येते आणि बाकी सगळा तपशील वेगळ्या फायलीतल्या मदतनीस क्लासमध्ये जातो. ती नोंद कॉलम बदलले तरी बदलत नाही, म्हणून कमिट करायला सुरक्षित. तपशिलाची फाइल गिटबाहेर. क्लास दोनदा दिसण्याचा त्रासही जातो. सोबत कॉन्फिगमध्ये मायग्रेशननंतर ही कमांड आपोआप चालेल अशी नोंद करून ठेवली की कुणाला आठवण ठेवावी लागत नाही.

आता अडचणी. अ‍ॅप्लिकेशन सुरू झालं पाहिजे आणि डेटाबेस समोर हवा. डॉकर वापरत असाल आणि कमांड बाहेरून, म्हणजे आपल्या मशीनवरून चालवलीत, तर डॉकरच्या कंटेनरच्या आतलं डेटाबेसचं नाव बाहेर ओळखलं जात नाही आणि कनेक्शन पडतं. कमांड कंटेनरच्या आतच चालवा. जुन्या लारावेलवर कॉलम वाचायचं काम डॉक्ट्रिन डीबीएएल या बाहेरच्या लायब्ररीकडे असायचं आणि मायएसक्यूएलमधला 'एनम' प्रकारचा कॉलम आला की ते अनोळखी टाइप म्हणून थांबायचं. लारावेलनं ११ व्या आवृत्तीत, २०२४ मध्ये, डॉक्ट्रिनवरचं अवलंबन काढून टाकलं, त्यामुळे नव्या प्रोजेक्टला ही डोकेदुखी नाही. शिवाय नाती शोधताना हे पॅकेज मॉडेलच्या मेथड खरोखर चालवतं, म्हणून ते लाइव्ह डेटाबेसकडे बोट दाखवणाऱ्या सेटिंगवर कधीही चालवू नये.

मुख्य मर्यादा मात्र गिटच्या ब्रँचशी जोडलेली आहे. तुम्ही एका ब्रँचवर नवा कॉलम जोडला, मायग्रेशन चालवली, मग दुसऱ्या ब्रँचवर आलात. कोड बदलला, डेटाबेस तसाच राहिला. आता एडिटर तुम्हाला असा कॉलम सुचवतो जो या ब्रँचवर अस्तित्वातच नाही, आणि तुम्ही विश्वासानं तो वापरता. ब्रँच रोज बदलणाऱ्या टीमनं हे मनात पक्कं धरावं.

लारावेल आयडिया

हे पीएचपीस्टॉर्मचं प्लगइन. अनेक वर्षं ते वेगळे पैसे देऊन घ्यावं लागायचं. २०२५ पासून पीएचपीस्टॉर्म वापरणाऱ्यांना ते मोफत आहे. त्यामुळे या तुलनेचं पारडं बरंच हललं. पीएचपीस्टॉर्मची वर्गणी तुमच्याकडे आधीच असेल तर आता फार विचार करण्यासारखं काही उरत नाही: हे बसवा.

कारण ते नुसत्या कॉलमवर थांबत नाही. रूटची नावं, ब्लेड टेम्प्लेटच्या व्ह्यूची नावं, कॉन्फिगच्या किल्ल्या, भाषांतराच्या किल्ल्या, व्हॅलिडेशनचे नियम अशा सगळ्या अवतरणचिन्हातल्या मजकुराला ते यादी देतं आणि तिथून थेट मूळ फायलीकडे नेतं. 'व्हेअर' मेथडच्या कंसातसुद्धा कॉलमची नावं येतात. डॉकब्लॉकला हे जमणं शक्यच नाही, कारण डॉकब्लॉक प्रॉपर्टी आणि मेथड सांगतं, साध्या स्ट्रिंगचा अर्थ सांगत नाही. रोजच्या कामात लारावेलमध्ये किती गोष्टी स्ट्रिंगनं चालतात ते पाहिलं तर हा फरक मोठा आहे.

कॉलमची माहिती हे प्लगइन मुख्यतः मायग्रेशनच्या फायली वाचून जमवतं. म्हणजे ब्रँच बदलली की फायली बदलतात आणि सूचनाही फायलींप्रमाणे बदलू शकतात. डेटाबेस बंद असला तरी काम अडत नाही. पण याची दुसरी बाजू जुन्या प्रोजेक्टमध्ये दिसते. मायग्रेशनमध्ये कच्चं एसक्यूएल लिहून टेबल बदललेलं असेल, किंवा टेबलं लारावेलच्या आधीपासून असतील आणि मायग्रेशनच नसतील, तर वाचायला काही नाही. वीस वर्षांपूर्वीच्या डेटाबेसवर नवं लारावेल बसवलेल्या प्रोजेक्टला इथे आयडीई-हेल्परच जास्त उपयोगी. दोन्ही एकत्र ठेवायलाही हरकत नाही.

व्हीएस कोडचं अधिकृत एक्स्टेन्शन

लारावेलच्या टीमनं २०२४ मध्ये जाहीर केलेलं हे एक्स्टेन्शन आता व्हीएस कोडवर पहिलं बसवण्यासारखं आहे. रूट, व्ह्यू, कॉन्फिग, भाषांतर, एन्व्ह या सगळ्या स्ट्रिंगला ते यादी, दुवा आणि चूक असल्यास सूचना देतं. पीएचपीची मूळ समज त्याच्यात नाही. ती इंटेलिफेन्सकडून घ्यायची. इंटेलिफेन्सचं ऑटोकम्प्लीट मोफत आवृत्तीतच मिळतं, पैसे नाव बदलण्यासारख्या वरच्या सोयींना आहेत. त्यामुळे ज्याला खर्च करायचा नाही, विद्यार्थी आहे किंवा फ्रीलान्स काम नुकतंच सुरू करतो आहे, त्याला ही जोडी पुरते.

हे एक्स्टेन्शन पडद्यामागे तुमचं अ‍ॅप्लिकेशन सुरू करून माहिती गोळा करतं. म्हणजे आयडीई-हेल्परसारखाच मार्ग, फक्त कमांड तुम्ही चालवत नाही, ते आपणहून चालवतं. मॉडेलच्या सूचना आल्या नाहीत तर आधी एवढंच तपासा: पीएचपी कुठलं वापरलं जातंय, आणि त्या पीएचपीला डेटाबेस दिसतोय का. डॉकर किंवा सेलमध्ये (लारावेलचं डॉकर वापरण्याचं साधन) काम करणाऱ्यांनी सेटिंगमध्ये पीएचपीची कमांड नीट सांगितली की बहुतेक प्रश्न सुटतात. एक काळजी मात्र घ्या. सर्व्हिस प्रोव्हायडरच्या 'बूट' मेथडमध्ये बाहेरच्या एपीआयला कॉल किंवा डेटाबेसमध्ये लिहिणं असलं काही असेल, तर ते आता तुमच्या नकळत पुन्हा पुन्हा चालणार. तसा कोड तिथे नसावाच, पण जुन्या प्रोजेक्टमध्ये असतो.

लारस्टॅनचं काय?

लारस्टॅन हे पीएचपीस्टॅनवर उभं असलेलं तपासणीचं साधन. ते यादी देत नाही, चूक पकडतं. तरी या निर्णयात त्याला जागा आहे, कारण तेही कॉलम मायग्रेशनमधून वाचतं, आणि 'स्कीमा डम्प' करून ठेवलेली एसक्यूएल फाइलही वाचू शकतं. सीआय सर्व्हरवर (कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) डेटाबेस नसतानाही ते चालतं. आयडीई-हेल्परनं ब्रँचबाहेरचा कॉलम सुचवला आणि तुम्ही वापरला, तर मॉडेलच्या प्रॉपर्टी तपासण्याचा पर्याय चालू असलेलं लारस्टॅन ते मर्जआधी सांगू शकतं. डेटाबेसमधून सूचना आणि मायग्रेशनमधून तपासणी, ही जोडी मला सगळ्यात भरवशाची वाटते: एकीची उणीव दुसरी भरून काढते.

साधन कुठलंही घ्या, कास्ट लिहायचा कंटाळा करू नका. मायएसक्यूएलमध्ये हो-नाही साठवणारा कॉलम आतून लहान आकडाच असतो. कास्ट नसेल तर बूलियन की पूर्णांक हे साधनाला अंदाजानं ठरवावं लागतं. मॉडेलमध्ये कास्ट लिहिलेला असला की ही सगळी साधनं एकच टाइप सांगतात.

मग घ्यायचं काय? सगळे पीएचपीस्टॉर्मवर असतील आणि मायग्रेशन नेटक्या असतील तर लारावेल आयडिया, आणि आयडीई-हेल्पर नको. सगळे व्हीएस कोडवर असतील तर अधिकृत एक्स्टेन्शन आणि इंटेलिफेन्स. मॉडेलच्या सूचना अपुऱ्या वाटल्या तरच आयडीई-हेल्पर जोडा. एडिटर मिश्र असतील, किंवा डेटाबेस जुना आणि मायग्रेशनविना असेल, तर आयडीई-हेल्पर मिक्सिनच्या वाटेनं, आणि एडिटरचं प्लगइन ज्याचं त्यानं ठरवावं. आणि लारस्टॅन तिन्ही ठिकाणी, पहिल्या आठवड्यापासून: कडकपणाची पातळी सुरुवातीला खालची ठेवा, जुन्या चुकांची बेसलाइन फाइल करून घ्या, म्हणजे नव्या कोडवर लगेच लक्ष राहतं आणि जुना कोड सवडीनं सुधारता येतो.