फॉरेस्टचे जुने अंक, आठ महिन्यांनी: मधलं पान मोजल्याशिवाय पैसे देऊ नका

जुन्या फुटबॉल अंकांचा सेट घेतल्यानंतर आठव्या महिन्यात १९७८-७९ च्या बाइंडरचा कणा उभा फाटला, म्हणून हा अनुभव आजच लिहितोय. सेट असा: 'शूट' या ब्रिटिश फुटबॉल साप्ताहिकाचे तीन सीझन (१९७७-७८ ते १९७९-८०) आणि त्याआधीच्या काळासाठी 'फुटबॉल मंथली'चे सुटे अंक. उद्देश एकच, नॉटिंगहॅम फॉरेस्ट या इंग्लिश फुटबॉल क्लबचा इतिहास त्या-त्या वेळी छापला गेला तसा वाचणे. मॅनेजर क्लफ, त्याचा सहायक टेलर, दोन युरोपियन कप हे सगळं वाचणाऱ्यांना माहीत असेलच, त्यात शिरत नाही.

आधी फाटलेल्या कण्याबद्दल. तारेच्या बाइंडरमध्ये प्रत्येक अंक मधोमध उघडून त्या घडीत एक बारीक तार बसवतात. तारेची दोन्ही टोकं कण्यात अडकवलेली असतात आणि अंकाचं सगळं वजन त्या घडीवर येतं. बाइंडर आडवा ठेवला तर निभावतं. उभा ठेवला की अंक खाली ओघळतात, तार घडीत रुतते आणि सगळ्यात आधी फाटतं ते मधलं पान. वर्षभराचे अंक एकात कोंबले असतील तर कणाही जातो. उपाय फुकटचा आहे: बाइंडर आडवे ठेवा, एकावर एक दोनपेक्षा जास्त नकोत, आणि जाड बाइंडरमधले निम्मे अंक काढून दुसरीकडे घाला.

कण्याचं एवढं दुःख नाही. खरं दुखणं मधल्या पानाचं आहे आणि ते विकत घेतानाच लागलेलं होतं.

विक्रेत्याने सेट 'कम्प्लीट' म्हणून विकला. अंक मोजले तर खरंच सगळे होते. पानं मोजली तेव्हा चित्र पालटलं. हे अंक मधे दोन पिना मारलेले, म्हणजे एकात एक घातलेल्या मोठ्या कागदांचे. अंक ४० पानी धरा. सगळ्यात आतल्या कागदावर १९, २०, २१ आणि २२ अशी चार पानं येतात. २० आणि २१ मिळून मधलं रंगीत पोस्टर होतं. कोणी ते भिंतीवर लावायला काढलं की १९ आणि २२ वरचा मजकूरही त्याच्याबरोबर जातो. विक्रेता म्हणतो 'फक्त पोस्टर नाही', पण प्रत्यक्षात चार पानं गेलेली असतात.

कात्रीने एकच पान कापलं असेल तर गंमत आणखी वाईट. जोडीच्या पानांची बेरीज नेहमी एकूण पानांपेक्षा एकने जास्त येते, ४० पानी अंकात ४१. पाचवं पान कापलं असेल तर छत्तिसावं सुटं होतं, पिनेत नावापुरतं अडकून राहतं आणि कधीतरी हरवतं. म्हणून तपासताना पहिलं पान, शेवटचं पान आणि मधली घडी एवढं पाहून भागत नाही. एक गेलेलं पान सापडलं की त्याची जोडी ताबडतोब बघायची.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहितोय. गहाळ पानं सगळ्या अंकांतून सारखी जात नाहीत. फॉरेस्ट १९७२ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे लीगच्या खालच्या पायरीवर घसरला. तिथपासून १९७७ मध्ये ५२ गुणांवर तिसरा येऊन वर चढेपर्यंतच्या काळातले अंक बघाल तर कोरे करकरीत मिळतात, कारण त्यातलं काही भिंतीवर लावावं असं कोणाला वाटलं नाही. त्यानंतरच्या तीन सीझनमध्ये मात्र जिथे जिथे लाल शर्ट छापलाय तिथे कात्री फिरली आहे. क्लबचे सगळ्यात चांगले दिवस सगळ्यात कमी पानांवर उरलेत. उरलेली पानं मोजून कोणी 'त्या काळी मासिकांनी फॉरेस्टला जागा दिली नाही' असा निष्कर्ष काढला तर तो साफ चुकेल. जागा दिली होती. ती पोरांनी प्रेमाने कापून नेली.

ऑगस्टच्या अंकांबद्दल वेगळी सूचना. त्यांच्याबरोबर मिळणारी 'शूट'ची लीग लॅडर म्हणजे क्लबांच्या नावाच्या पट्ट्या खाचांत बसवून दर आठवड्याला वरखाली करायचा पुठ्ठ्याचा तक्ता. त्या काळी इंग्लंडमध्ये लीगचे ९२ क्लब आणि स्कॉटलंडमध्ये ३८, म्हणजे एकूण १३० पट्ट्या. सगळ्या पट्ट्यांसह तक्ता मिळणं दुर्मीळ आहे, आणि विक्रेते त्याचेच पैसे लावतात. इतिहास वाचायचा असेल तर तक्त्यावर खर्च करू नका. त्यापेक्षा त्या पैशात ऑगस्ट १९७७ चे धड अंक घ्या. नुकताच वर चढलेला संघ, आणि २० ऑगस्टला पहिल्याच सामन्यात एव्हर्टनला त्यांच्या मैदानावर ३-१. त्याआधी छापलेल्या पानांवर फॉरेस्टला किती ओळी मिळाल्या ते मोजण्यात जी मजा आहे ती त्याच सीझनच्या लीग विजेतेपदाच्या अंकात नाही.

पहिले दोन महिने या सेटबद्दल माझं मत वाईट होतं. कारण तारखा. मुखपृष्ठावरची तारीख वाचून त्या आठवड्याची बातमी आत शोधली तर हाती काही लागत नाही. युरोपियन कपची म्युनिकची फायनल बुधवारी, ३० मे १९७९ रोजी झाली: माल्मोविरुद्ध १-०, रॉबर्टसनचा क्रॉस, फ्रान्सिसचं हेडर. साप्ताहिकावर शनिवारची तारीख असते आणि अंक त्याआधीच दुकानात येतो. म्हणजे २ जूनच्या अंकात निकाल शोधणं व्यर्थ. रंगीत पानं काळ्या-पांढऱ्या पानांच्याही आधी छापायला जायची. त्यामुळे फेब्रुवारी १९७९ मध्ये दहा लाख पौंडांच्या व्यवहाराने फॉरेस्टमध्ये आलेला फ्रान्सिस त्यानंतरच्या एखाद्या अंकात त्याच्या आधीच्या क्लबच्या, बर्मिंगहॅमच्या निळ्यात दिसला तर ती चूक समजू नका. मासिकाचं अंतर तर आणखी मोठं. १९५९ चा एफए कप फॉरेस्टने २ मे रोजी ल्यूटनला २-१ हरवून जिंकला, पण 'फुटबॉल मंथली'च्या मेच्या अंकात फायनलनंतरचं काही मिळायचं नाही. पुढचे दोन अंक लागतात.

तिसऱ्या महिन्यात एक साधी वही केली आणि मत बदललं. चार रकाने: मुखपृष्ठाची तारीख, पान क्रमांक, कोणाबद्दल, आणि मजकुरात उल्लेख झालेला सगळ्यात ताजा सामना. शेवटचा रकाना महत्त्वाचा. त्यावरून तो लेख खरोखर कधी लिहिला गेला ते कळतं. मग तारखेचा घोळ दोष राहत नाही, उलट कामाला येतो. फॉरेस्ट जिंकायला लागला कधी आणि लोकांचा त्यावर विश्वास बसला कधी, या दोन्हींमधलं अंतर आठवड्यांत मोजता येतं. १७ डिसेंबर १९७७ ला ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडचा ४-० धुव्वा उडाला. त्याच्या आधीचे चार आणि नंतरचे सहा अंक सलग वाचा आणि संघाबद्दलची भाषा तपासा.

फोटोंची तारीख माणसांवरून लावायची. १९७७ च्या उन्हाळ्यातल्या टीम फोटोत गोलकीपर मिडलटन दिसतो, कारण नवा गोलकीपर शिल्टन आणि मिडफिल्डर गेमिल दोघेही सप्टेंबरमध्ये आले, आणि गेमिलच्या बदल्यात मिडलटन डर्बीला गेला. फ्रान्सिस आणि वुडकॉक दोघेही फॉरेस्टच्या लाल शर्टात एकत्र असतील तर फोटो फेब्रुवारी ते नोव्हेंबर १९७९ मधला, कारण नंतर वुडकॉक कोलोनला गेला. १९७८ च्या लीग कप फायनलचे आणि रीप्लेचे फोटो ओळखायचे तर गोलमध्ये अठरा वर्षांचा ख्रिस वुड्स शोधा. शिल्टनला त्या स्पर्धेत खेळता येत नव्हतं.

जुने गुणतक्ते वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. १९८१ पर्यंत इंग्लंडमध्ये विजयाला दोनच गुण होते. फॉरेस्टचे १९७७-७८ चे ६४ गुण म्हणजे २५ विजय, १४ बरोबरी आणि ३ पराभव, आजच्या हिशोबाने ८९. आणि १९७६ आधीच्या तक्त्यांत गोलफरक नसतो, गोलसरासरी असते, म्हणजे केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागून आलेला आकडा. वजाबाकी करून ताळा बघायला गेलात तर छपाईची चूक वाटेल.

आता दुरुस्ती. गंजलेली पिन कधीही बाहेरून ओढू नका, कागद तिच्याबरोबर येतो. अंक मधोमध उघडा, पिनेच्या पायांखाली पॉलिस्टर फिल्मचा तुकडा सरकवा, बोथट पातळ पट्टीने दोन्ही पाय एकेक करून उभे करा आणि मग मागच्या बाजूने पिन अलगद काढा. गंजाची पूड मऊ ब्रशने झाडा, बोट फिरवलं तर डाग पसरतो. नवीन पिन मारू नका. जुन्याच चार भोकांतून कच्चा सुती किंवा लिननचा दोरा ओवा, गाठ आतल्या बाजूला, आणि घट्ट आवळू नका. घडी फाटली असेल तर पातळ जपानी कागदाची पट्टी गव्हाच्या स्टार्चच्या खळीने चिकटवा. खळ पातळ हवी. लावल्यावर दोन्ही बाजूंना टीपकागद घालून वजनाखाली रात्रभर ठेवायचं. सेलोटेप या अंकांच्या जवळही नको. प्लास्टिक काही वर्षांनी गळून पडतं आणि गोंद पिवळा होऊन अक्षरांत उतरतो. या सेटमधले सगळ्यात खराब अंक फाटलेले नाहीत, कोणीतरी टेप लावून 'वाचवलेले' आहेत.

ठेवायला पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या. स्वस्त पीव्हीसीची नकोत, ती शाईला चिकटतात. दमट हवेत पिना आधी गंजतात आणि गंज कागद खातो, म्हणून पाकिटाचं तोंड पूर्ण बंद करू नका.

स्कॅन करताना मजकुराला ३०० डीपीआय पुरतं, फोटोंना ६०० ठेवा. पानामागे काळा कार्डपेपर ठेवला की मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसत नाहीत. पातळ कागदाला ही एक युक्ती कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगी पडते. फोटोवर जाळीसारखे पट्टे आले तर स्कॅनरमधली 'डीस्क्रीन' ही पट्टे घालवणारी सोय चालू करा, मजकुरासाठी मात्र ते बंदच बरं, नाहीतर अक्षरं पुसट होतात.

पैशाबद्दल स्पष्ट सांगतो. पूर्ण सीझनचा सेट घेऊ नका. एका सीझनमध्ये फॉरेस्टवर खरंच काही असलेले अंक मोजके, आणि गहाळ पानं नेमकी त्यातलीच. सुटे अंक घ्या, आणि विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: मधली घडी पिनांसह, शेवटून दुसरं पान, आणि अंक मिटलेला असताना कण्याची बाजू. कागद कापलेला असेल तर तिसऱ्या फोटोत ती कड आत गेलेली दिसते. फोटो द्यायला नकार आला तर पुढे जा. पोस्टर कापलेला अंक वाचण्यासाठी घ्यायला हरकत नाही, पण चार पानं कमी धरूनच भाव ठरवा.

माझ्या यादीत अजून तीन अंकांचं मधलं पान बाकी आहे. तिन्ही मे आणि जून १९८० चे, युरोपियन कपच्या फायनलमध्ये माद्रिदला हॅम्बुर्गला रॉबर्टसनच्या एका गोलने हरवलं त्या दिवसांतले. कोणाकडे जादा असतील तर बदल्यात १९७४ चे चार अंक देईन. पिना स्वच्छ आहेत, एकही पान कापलेलं नाही.