शेत घ्यावं की गारीची गिरणी?
लंडनमध्ये राहणाऱ्या नायजेरियन माणसाला गावाकडे पैसे गुंतवायचे तर दोन वाटा समोर असतात: कसाव्याची शेती किंवा गारीची गिरणी. कसावा म्हणजे आपल्या साबुदाण्याचाच कंद, आणि गारी म्हणजे त्याचा आंबवून भाजलेला रवा. शेतीत यंत्रांचा खर्च कमी, पण १९७८ च्या कायद्याने राज्यातली जमीन गव्हर्नरच्या अखत्यारीत. कागदांसाठी खेटे कोणी घालायचे? चुलतभावाने! शिवाय उपटलेला कंद २-३ दिवसांत काळा पडतो, मग व्यापारी म्हणेल तो भाव. गारीचं तसं नाही. कंद किसायचा, पोत्यात भरून आंबवायचा, वर वजन ठेवून पाणी काढायचं, चाळून मोठ्या कढईत भाजायचा. कोरडी गारी महिनोन्महिने टिकते, लंडनच्या दुकानातही मिळते. जनरेटरचं डिझेल मात्र रडवतं. तरी माझं मत गिरणीलाच.