‘मॉडेल बंद झालंय ना ताई, म्हणून स्वस्त’

डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही घेतलेली रेनोची जुनी डिझेल डस्टर पुरात बुडालेली निघाली. विकणाऱ्याने आमच्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिलं, आणि ते उत्तर अर्धं खरं होतं. किंमत एवढी कमी कशी? मॉडेल बंद झालंय ना ताई. गेल्या तीन वर्षांत कंपनीत सर्व्हिस का नाही? मॉडेल बंद झालंय, मग कंपनीत कोण नेतो? डावा हेडलाइट लोकल का? ओरिजिनल पार्ट येत नाहीत आता. कुठलीही बंद झालेली गाडी जुन्यात घेताना हे उत्तर तुम्हालाही मिळणार आहे. ते कुठे खरं असतं आणि कुठे त्याच्याआड काही दडवलेलं असतं, हे कळावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर देवगड तालुक्यात. हापूसची कलमं वर कातळावर, आणि तिथवर जाणारा रस्ता जांभ्याचा, खडबडीत. छोट्या गाडीचं पोट घासतं. डस्टरचा ग्राउंड क्लिअरन्स २०५ मिलिमीटर, डिझेल इंजिन दमदार, सस्पेन्शन मजबूत. भारतात ही गाडी २०१२ मध्ये आली. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले तेव्हा डिझेल बंद झालं, २०२२ मध्ये पेट्रोलही. म्हणजे डिझेल हवी तर जुनीच घ्यावी लागते. आम्हाला दाखवलेली २०१८ची, ११० पीएसची. भाव ४ लाख ३५ हजार, तशाच दुसऱ्या गाड्यांपेक्षा लाखभर कमी.

विक्रेता घाटावरच्या एका शहरातला. रस्त्यालगत गाळा, पुढे ओळीने धुऊन-पुसून लावलेल्या गाड्या. नंबर एमएच-४३, म्हणजे वाशीचा. ‘नवी मुंबईची गाडी, एकच मालक, सोसायटीच्या पार्किंगमध्ये असायची,’ असं त्याने सांगितलं. सीट कव्हर कोरी, आत अत्तराचा घमघमाट, मीटरवर ५८ हजार किलोमीटर. भावाने चालवून पाहिली, ओळखीच्या एका फिटरने इंजिनचा आवाज ऐकला, टर्बो पाहिला. इंजिन खरंच चांगलं होतं. भावाला ड्रायव्हरच्या सीटखाली थोडा गंज दिसला, तेव्हा विक्रेत्याने दुसरं उत्तर काढलं. ‘तुम्ही समुद्राकाठचे, तुम्हाला काय सांगायचं? खाऱ्या हवेत गंज येणारच.’

खारी हवा आमच्या रोजच्या जगण्यातली. घराच्या खिडक्यांचे गज दर पावसाळ्यानंतर रंगवावे लागतात. त्यामुळे ते पटण्यासारखंच होतं.

पैसे बँकेतून दिले. आरसी महिनाभरात नावावर होईल, असं सांगितलं. महिन्याचे चार झाले. कधी एनओसी अडकली, कधी सर्व्हर बंद, कधी साहेब रजेवर. तोवर गाडीत बारीकसारीक कुरबुरी सुरू झाल्या होत्या. उजवी काच मध्येच थांबायची, ब्लोअर आपोआप बंद व्हायचा. पहिला पाऊस पडला आणि आत कुबट वास यायला लागला. मग जूनमधल्या एका रात्री राजापूरहून परत येताना, खारेपाटणचा पूल ओलांडून तळेऱ्याच्या दिशेने, भर पावसात गाडी एकदम बंद पडली. हेडलाइटही गेले. मुंबई-गोवा हायवे, मागून ट्रेलर येताहेत, आणि गाडीत माझी आई आणि मुलगी. मोबाइलचा टॉर्च हलवत भाऊ मागे उभा राहिला म्हणून निभावलं. त्या रात्रीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

टो करून गाडी कणकवलीला आणली. तिथल्या मेकॅनिकने स्कॅनर लावला तर एकामागून एक कोड. त्याने इंजिनला हात लावला नाही. पुढची सीट खोलून बाहेर काढली, कार्पेट उचललं आणि मला बोलावलं. खालच्या फोममध्ये मातीचा वाळलेला थर होता, मैद्यासारखा बारीक. वायरिंगचे कपलर हिरवे पडलेले. ‘ताय, ही गाडी पाण्यात बसलेली आसा. थोड्याथोडक्या नाय, सीटच्या वर.’ मी खाऱ्या हवेचं म्हटलं, तर तो म्हणाला, ‘खारो वारो भायरसून खाता. ह्यो गंज आतसून इलेलो.’

किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाने हा फरक नीट समजून घ्यावा. आपल्याकडच्या गाडीला हवेने गंज चढतो तो सायलेन्सरला, चाकांवरच्या कमानींना, दरवाजांच्या खालच्या कडांना, बोनेटखालच्या उघड्या बोल्टना. काचा बंद असलेल्या केबिनमध्ये, कार्पेटखाली, डॅशबोर्डच्या मागे खारा वारा एवढा शिरत नाही. सीट ज्यावर सरकते त्या पट्ट्या, सीटखालच्या स्प्रिंगा, ब्रेक पेडलचं ब्रॅकेट, स्टिअरिंग कॉलमचे बोल्ट, गिअरजवळच्या कन्सोलचे बारीक स्क्रू हे सगळं गंजलेलं असेल आणि बाहेरचं अंग मात्र लखलखीत असेल, तर ती गाडी पाण्यात बसलेली समजा. टॉर्च घ्या, पेडलजवळ उताणं पडा आणि वर पाहा. कपडे मळतील, मळू देत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. जो भाग नेहमी आत गुंडाळलेला असतो त्यावर गाळाची रेघ किंवा डाग राहतो, आणि सीट कव्हर बदलणारे बेल्ट बहुधा बदलत नाहीत. काचा बंद करून दहा मिनिटं हीटर गरमवर लावून बसा, अत्तराखालचा वास वर येतो.

आणि एअरबॅगचा दिवा. चावी ऑन केली की मीटरमध्ये तो क्षणभर पेटतो आणि विझतो. पेटून राहिला तर बिघाड आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तो पेटलाच नाही तर कुणाच्या लक्षात येत नाही. आमचा कधी पेटलाच नव्हता. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगत असतं, म्हणजे पाणी शिरलं की आधी तेच बुडतं. आमचं सडलेलं होतं, आणि कायम पेटणारा दिवा कुणीतरी मीटर खोलून काढून टाकला होता. मीटर फिरवून १३ हजार किलोमीटर कमी केले, ते पैशाचं नुकसान. हा दिवा काढणाऱ्या माणसाला मात्र ठाऊक होतं की या गाडीत माणसं बसणार आहेत.

गाडी कुठे बुडाली ते मूळ मालकाकडून कळलं. आरसी अजून त्यांच्याच नावावर होती. वाशीच्या पत्त्यावर जाऊन, शेजाऱ्यांकडून भावाने त्यांचा नंबर मिळवला. निवृत्त शिक्षक, मूळचे चिपळूणचे, लॉकडाऊनमध्ये गाडीसकट गावी परतलेले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा गाडी घराच्या अंगणात होती. ‘टपही दिसत नव्हता,’ ते म्हणाले. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला की विमा कंपनी ती टोटल लॉस धरते. तसं झालं, त्यांना भरपाई मिळाली, आणि गाडी भंगार म्हणून उचलली गेली. उचलणाऱ्याने ‘प्रोसेस’ म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर, कोऱ्या सह्या घेतल्या. घरात गुडघाभर चिखल असताना कोण फॉर्म वाचत बसेल? मग गेल्या काही महिन्यांत त्यांना कुणाकुणाचे फोन येत होते, ‘सर, एक ओटीपी येईल तेवढा सांगा.’ त्यांनी तो दिला नाही. आमची आरसी अडली होती ती या ओटीपीवर.

त्या दिवसांत महाडमध्येही सावित्रीच्या पाण्याने असाच हाहाकार केला होता. तेव्हा बुडालेल्या गाड्या सगळ्याच काही तोडल्या गेल्या नसणार.

आता कागदांचं. विक्रेत्याने आम्हाला चालू विमा दाखवला होता, तो फक्त थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरता. आधीच्या पॉलिसी मागितल्या असत्या तर २०२१ पर्यंत पूर्ण विमा आणि त्यानंतर नुसता थर्ड पार्टी, हा खंड दिसला असता. पूर्ण विमा असेल तर नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीचा, आकडा बघा. क्लेम नसेल तर तो २० टक्क्यांवरून वर्षागणिक चढत ५० पर्यंत जातो. चार-पाच वर्षांच्या गाडीवर शून्य दिसलं तर क्लेम कसला होता ते विचारा. सर्व्हिसबद्दलही तसंच. मॉडेल बंद झालं तरी कंपनीची सर्व्हिस सेंटरं आहेत, आणि चॅसिस नंबरवरून जुनी नोंद तिथे निघते. आमच्या गाडीची शेवटची नोंद जून २०२१ची, ७१ हजार किलोमीटरवर. साडेतीन वर्षांनी मीटर दाखवत होता ५८ हजार. आणि सगळ्यात सोपी गोष्ट, आरसीवरच्या मालकाशी व्यवहाराआधी स्वतः बोला, विक्रेत्याने लावून दिलेल्या फोनवर नव्हे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची सूचना फॉर्म २९सी ने पोर्टलवर द्यावी लागते. हे दोन्ही कागद मागा. नाहीत म्हणाला तर गाळ्यातून बाहेर पडा.

एवढं होऊनही, बंद झालेली गाडी घेऊच नका असं मी म्हणणार नाही. डस्टरचं १.५ लिटरचं डिझेल इंजिन निसानच्या टेरानोत होतं, लॉजीत होतं, महिंद्राच्या व्हेरिटोतही होतं. फिल्टर, टायमिंग बेल्ट, क्लच, इंजेक्टर यांना अडत नाही, आणि जुन्या मेकॅनिकांचा हात त्यावर बसलेला आहे. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल मात्र मागाच, तो तुटला तर इंजिनच जातं. अडतं ते बॉडीच्या पार्टला, दिव्यांना, काचांना, आणि सर्वांत जास्त वायरिंगला. आमच्या मेकॅनिकने वायरिंगचा पूर्ण संच, म्हणजे हार्नेस, शोधला. आमच्या व्हेरिएंटचा नवा मिळेना, आणि भंगारातला घालायचा तर तोही कुठल्या पाण्यातला निघेल कुणास ठाऊक. म्हणजे मॉडेल बंद झाल्याने किंमत उतरते हे खरं आहे, पण ती त्या मॉडेलच्या सगळ्याच गाड्यांची उतरते. तुमच्या समोरची एकच गाडी बाकीच्यांपेक्षा लाखभर स्वस्त असेल, तर कारण त्या गाडीत शोधा. हेक्सा बघा, एक्सयूव्ही ५०० बघा की डस्टर, आधी तशाच चार गाड्यांचे भाव काढा. आणि किनाऱ्याजवळची गाडी असेल तर तिला पुळणीवर नेली होती का हेही विचारा. वाळूत रुतलेल्या आणि भरतीत सापडलेल्या गाड्या आपण दर हंगामात बघतो. त्याही पुढे कुणीतरी विकत घेतंच.

विक्रेत्याला फोन केला तर आधी ‘मलाही माहीत नव्हतं’, मग ‘जुनी गाडी आहे, गॅरंटी नसते’, मग फोन बंद. ग्राहक आयोगाकडे गेलो. बऱ्याच लोकांना वाटतं की विक्रेता जिथला, तिथे खेटे घालावे लागतात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, म्हणून आमची सिंधुदुर्गच्या आयोगातच दाखल झाली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर कसं भरायचं ते सांगतात. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचं ‘एकही क्लेम नाही, लिहून देतो’ हे त्याचं वाक्य, बँकेची नोंद, मेकॅनिकचा लेखी अहवाल आणि कार्पेटखालचे फोटो जोडले आहेत. रोख दिले असते तर यातलं निम्मं हातात नसतं. पोलिसांकडेही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीची, तक्रार दिली आहे. दोन्ही चालू आहे. गाडी पडवीत उभी आहे, ती आम्ही कुणाला विकणार नाही.

गुरुजींचा यात काही दोष नाही, आणि या प्रकरणात ते आमच्या बाजूने लेखी जबाब द्यायला तयार झाले. पण त्यांच्यासारखे कितीतरी जण चिपळूण, खेड, महाडला असतील. तुमची गाडी पुरात टोटल लॉस झाली असेल तर परिवहनच्या पोर्टलवर आपला जुना नंबर टाकून बघा. आरसी अजून चालू दिसत असेल तर आरटीओला लेखी कळवा, विमा कंपनीच्या पत्राची प्रत जोडा, आणि पोचपावतीवर शिक्का घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार कायमची निकामी झालेली गाडी १४ दिवसांत कळवायची असते, मुदत उलटली असली तरी कळवा. त्या गाडीने उद्या कुठे अपघात केला तर पोलिस आरसीवरचा पत्ता शोधत तुमच्याच दारात येतील. आणि ओटीपी मागणारा फोन आला तर नंबर, तारीख, वेळ लिहून ठेवा. गुरुजींनी वहीत लिहून ठेवलेले नंबर आता आमच्या तक्रारीला जोडलेले आहेत, आणि त्यातला एक त्या गाळ्याचा आहे.