ऊद आणि लॅव्हेंडरचं मिक्स परफ्यूम: राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीतलं दुकान

ठाण्यात राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीत हे अत्तरवाल्याचं छोटंसं दुकान आहे. त्यांचं स्वतःचं बनवलेलं एक स्प्रे मिळतं, खाली अरबी ऊद (म्हणजे अगरच्या लाकडाचा जड वास) आणि वरून फ्रेंच स्टाइलचं बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं फळ) आणि लॅव्हेंडर, ५० मिलीला १,२०० रुपये. मी रोज वापरतोय म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, कागदाच्या पट्टीवर हुंगून घेऊ नका. पट्टीवर आधी येतो तो लिंबासारखा थोडा कडसर फ्रेश वास, तो कुणालाही आवडतो आणि लोक तिथेच स्कॅन करून मोकळे होतात, मग घरी गेल्यावर खालचा ऊद वर यायला लागतो आणि घरचे विचारतात हे काय आणलंस. त्यापेक्षा मनगटावर मारून घ्या, तलावपाळीला एक चक्कर टाका आणि तासाभराने ठरवा. ते कॉफीच्या बिया हुंगायला देतात त्याने काही होत नाही, बाहेर मोकळ्या हवेत उभं राहा.

मी सकाळी ठाण्याला ट्रान्स हार्बर लोकल पकडायच्या आधी मारतो. ऐरोली, घणसोलीपर्यंत बर्गमॉट असतो, कोपरखैरणे गेलं की तो उडालेला असतो आणि गुलाब लागतो, आणि दुपारी ऑफिसच्या एसीत नुसता ऊद आणि अंबर (गोडसर, राळेसारखा वास), तेही अगदी अंगाजवळ. ह्यात जादू काही नाही, फ्रेंच पद्धतीत अल्कोहोल असतं, ते पटकन उडतं आणि हलके वास आधी घेऊन जातं, आणि अरबांकडचं किंवा आपलं अत्तर तेलातलं, ते कातडीला धरून बसतं. ह्या बाटलीत अल्कोहोलच आहे पण खालचा माल अत्तराच्या धाटणीचा जड आहे, म्हणून दोन्हीची मजा येते.

आमच्या आईचं मत वेगळं. तिने कॉलर हुंगली आणि म्हणाली, बाळंतिणीच्या खोलीत धुरी घातल्यासारखं वाटतंय. मला विचाराल तर कौतुकच आहे हे.

काउंटरवरचा मुलगा सांगतो की असं मिक्स आधी कुणी केलंच नव्हतं, ते सोडून द्या. ओमानच्या आमूआज ह्या परफ्यूम कंपनीने १९८३ ला गी रोबेर नावाच्या फ्रेंच परफ्यूमरकडून 'गोल्ड' बनवून घेतलं होतं, मग २००२ ला ईव्ह सॅं लोरॉं ह्या फ्रेंच ब्रँडने एम७ नावाच्या परफ्यूममध्ये ऊद घातला, २००७ ला टॉम फोर्डचं ऊद वूड आलं आणि त्यानंतर सगळेच सुटले. पण मालक काका मात्र सरळ माणूस, मी विचारल्यावर लगेच म्हणाले, "ह्यात खरा ऊद नाही हो, सिंथेटिक आहे, खरा घातला तर तुम्ही पैसे देणार का?" बरोबरच आहे, अगरच्या झाडाला बुरशी लागली की ते आत काळी राळ तयार करतं आणि त्या लाकडाचं तेल काढतात, आपल्या आसामात होतं हे, पण त्या तेलाचा भाव तोळ्याला हजारोंनी बोलतात. १,२०० मध्ये काय येणार. मागितलंत तर काका खऱ्या ऊदाच्या तेलाची काचेची काडी हातावर टेकवतात, ती जरूर टेकवून घ्या, पहिला वास गोठ्यासारखा येतो, घाबरू नका, थांबा.

आता तक्रार. बाटलीचा पंप अगदी फालतू आहे, बॅगेत आडवी ठेवली तर गळते, माझ्या डब्याच्या पिशवीला अजून ऊदाचा वास येतो, भेंडीच्या भाजीसकट. आणि एप्रिल-मेच्या घामात हे नकोच, गर्दीच्या डब्यात बाजूचा माणूस तोंड फिरवतो. पावसाळा-थंडीत मस्त, दोन स्प्रे बास, एक मानेला आणि एक शर्टाच्या आतून.

रिकामी बाटली नेलीत तर रिफिल ८५० मध्ये करून देतात, तेव्हा पंप बदलून मागा, हटकल्याशिवाय बदलत नाहीत. गाडी नेऊ नका, पार्किंग मिळत नाही.