काटा मारलेली वजने: रबरी वेट बेल्टच्या खरेदीतील फसवणूक

फ्रीडायव्हिंगसाठी, म्हणजे श्वास रोखून खोल पाण्यात उतरण्यासाठी, रबरी वेट बेल्ट, म्हणजे शिशाची वजने ओवून कमरेला बांधायचा पट्टा, घेताना माझी फसवणूक झाली. गेलेल्या पैशांचे दुःख फारसे नाही. खुपते ते हे की, त्या बेल्टसोबत आलेल्या खोट्या वजनांनी माझ्या शरीरासाठी एक खोटा आकडा ठरवून दिला आणि पुढे खऱ्या शिशाशी गाठ पडली तेव्हाही मी तोच आकडा सांगितला. वेट बेल्ट ही वस्तू दिसायला इतकी साधी आहे की, तीत फसवण्यासारखे काही असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही; फसवणाऱ्याचे फावते ते त्यामुळेच.

ज्यांनी हा बेल्ट वापरलेला नाही त्यांच्यासाठी तो रबरीच का हवा ते आधी सांगते. वेटसूट म्हणजे पाण्यात ऊब टिकवणारा अंगाबरोबरचा पोशाख. तो ज्या निओप्रीन नावाच्या फेसाळ रबराचा असतो त्यात वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे असतात, त्यामुळे तो घातलेला माणूस तरंगतो आणि खाली उतरण्यासाठी त्याला कमरेला शिसे बांधावे लागते. समुद्रात 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट आणि 20 मीटरवर तिप्पट होतो. वायूचे आकारमान त्याच हिशेबाने निम्मे आणि मग एकतृतीयांश उरते. सूट पातळ होतो, श्वास रोखून उतरणाऱ्याची छाती आणि पोट आक्रसते, आणि वर असताना घट्ट वाटलेला नायलॉनचा पट्टा सैल पडून, डोके खाली असल्यामुळे, सरकत सरकत बरगड्यांवर येतो. रबरी पट्टा मुळात ताणूनच बांधलेला असतो. शरीर आक्रसले की तोही आक्रसतो आणि कमरेच्या हाडांवरची आपली जागा सोडत नाही. तो पोटावर न येता हाडांवर बसत असल्यामुळे उतरण्यापूर्वी पोटातून घ्यावयाच्या दीर्घ श्वासालाही अडथळा होत नाही.

मी हा बेल्ट एका ऑनलाइन विक्रेत्याकडून संचाच्या रूपात घेतला. वर्णनात नैसर्गिक रबराचा पट्टा, समुद्री वापरासाठीच्या 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे बकल आणि प्रत्येकी एक किलोची, रंगाचा जाड थर दिलेली शिशाची सहा वजने असे स्पष्ट लिहिले होते. प्रत्येक वजनावर एक किलोचा आकडा उठावात होता. संच या प्रकाराबद्दल माझे मत आता चांगले नाही. तीन वस्तू एकत्र बांधल्या की गिऱ्हाईक एकंदर किमतीचा विचार करते, वेगवेगळ्या वस्तूंचा कस पाहत नाही, आणि एका वस्तूतील खोट दुसरीच्या नावावर खपून जाते. खाली जाताना माझा पट्टा सरकू लागला तेव्हा विक्रेत्याने वजने नीट विभागली नसतील असे कळवले. ते कारण पटण्यासारखेही होते.

पाण्यात स्वतःचे वजन जुळवण्याची रीत ठरलेली आहे. सूट घालून पृष्ठभागावर उभे तरंगायचे, हातपाय न हलवता श्वास नेहमीसारखा सोडायचा, आणि तरीही डोके पाण्यावर राहिले पाहिजे. वर तरंगते राहणे आणि साधारण 10 मीटरच्या आसपास वरही न ओढले जाणे व खालीही न ओढले जाणे, असा मेळ बसेपर्यंत वजने कमीजास्त करायची. मी हे सर्व रीतसर केले आणि समुद्रासाठी माझा आकडा सहा किलो असा ठरला. कसोटी बरोबर होती. जिच्यावर ती घेतली ती वजनेच खोटी होती.

हे उघडकीला आले ते एका सरावाच्या वेळी. तेथे बोटीवरचीच शिशाची वजने वापरायची होती. माझा आकडा विचारल्यावर मी सहा सांगितले, सहा किलो शिसे पट्ट्यात ओवले आणि पाण्यात उतरून पुन्हा तीच कसोटी घेतली. श्वास सोडला मात्र, पाणी हनुवटीवरून ओठांवर, नाकावर आणि डोळ्यांवर चढले आणि मी सावकाश खाली जाऊ लागले. शेजारीच तरंगणाऱ्या प्रशिक्षकांनी मला खांद्याला धरून वर घेतले, आणि एक किलो काढून टाकल्यावरही त्यांचे समाधान झाले नाही. ‘‘हा आकडा तुम्हाला कोणी दिला?’’ असे त्यांनी विचारले. आकडा मला माझ्याच वजनांनी दिला होता.

हे जादा शिसे धोक्याचे का, तेही येथेच सांगितले पाहिजे. श्वास रोखून पोहणाऱ्यांची शुद्ध हरपण्याचे प्रकार बहुधा तळाशी घडत नाहीत. वर येताना शेवटच्या काही मीटरांत किंवा पृष्ठभागावर पोहोचल्यानंतर ते घडतात. वर आल्याबरोबर माणूस श्वास सोडतो आणि त्याच क्षणी त्याची तरंगण्याची ताकद सर्वांत कमी असते. योग्य वजनाचा माणूस बेशुद्ध झाला तरी वरच राहतो आणि सोबती त्याला सहज धरू शकतो. जादा वजनाचा माणूस परत खाली जातो.

घरी आल्यावर मी ती सहाही वजने स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवली. पहिले 820 ग्रॅम भरले. बाकीच्यांत थोडाफार फरक होता, परंतु 830 च्या वर एकही गेले नाही. काटा मारला आहे हे स्पष्ट झाले. तरीही शिसे शिसेच आहे का, हा प्रश्न उरला होता. त्यासाठीची युक्ती कोणालाही करता येईल. पाण्याने अर्धे भरलेले भांडे काट्यावर ठेवावे, आकडा शून्यावर आणावा आणि वजन दोऱ्याने बांधून, तळाला किंवा बाजूंना न लावता, पूर्ण पाण्यात लटकते धरावे. काटा आता जेवढे ग्रॅम दाखवील तेवढे मिलिलिटर पाणी त्या वजनाने बाजूला सारलेले असते. एक किलो शिशाने 88 ग्रॅम दाखवायला हवेत. माझ्या 820 ग्रॅमच्या वजनाने 115 दाखवले. भागाकार केला तर घनता 7.1 च्या आसपास येते, शिशाची 11.3 असते, लोखंडाची 7.9 आणि जस्ताची 7.1. लोहचुंबक चिकटला नाही, त्यामुळे लोखंडाचा प्रश्न मिटला. रंग खरवडून खालच्या धातूवर नख ओढले, तर ओरखडाही उठला नाही. शिसे इतके मऊ असते की नखाने त्यावर सहज रेघ ओढता येते. (शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, ते विषारी आहे.) ते जस्त किंवा जस्ताचाच एखादा मिश्रधातू असावा, असे मी धरून चालते.

हलका धातू येथे दोनदा फसवतो. तो मुळात कमी भरतोच, शिवाय आकाराने मोठा असल्यामुळे पाणी त्याला अधिक उचलून धरते. समुद्राच्या पाण्यात एक किलो शिशाचा परिणाम सुमारे 910 ग्रॅमचा असतो. माझ्या प्रत्येक वजनाचा तो सुमारे 700 ग्रॅमचा होता. सहा वजनांत हा फरक सव्वा किलोचा होतो, आणि बोटीवर मी नेमकी तेवढीच जड झाले होते.

त्यानंतर पट्ट्याकडे वळले. त्यावर पेनाने दहा सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा केल्या, अंतर पंधरा सेंटिमीटर होईपर्यंत ताणून मिनिटभर धरले आणि सोडले. चांगले रबर जवळजवळ लगेच मूळ लांबीवर येते. हा पट्टा सुस्तावल्यासारखा हळूहळू मागे आला आणि 10.8 वर थांबला. म्हणजे तो पीव्हीसीसारखे काही प्लास्टिक असावा. असा पट्टा बांधताना ताणला जातो, पण शरीर आक्रसल्यावर मागे येण्याची धमक त्यात नसते, आणि थंड पाण्यात तर तो अधिकच ताठ होतो. वजने नीट विभागली नसल्याचे कारण येथे निकालात निघाले. सिलिकॉनचे पट्टेही मिळतात, ते चांगले ताणले जातात आणि उन्हाने खराब होत नाहीत, तेव्हा नैसर्गिक रबरच हवे असा माझा हट्ट नाही. परंतु जे लिहिले आहे तेच मिळावे एवढी अपेक्षा गैर नाही.

बकल हा संचातील सर्वांत धोकादायक भाग निघाला. रबरी पट्ट्यांना सहसा मार्सेय शहराच्या नावाने ओळखले जाणारे खिळ्याचे बकल असते: पट्ट्याच्या भोकात खिळा बसतो आणि मोकळे टोक एका हाताने झटक्यात ओढले की तो निसटून पट्टा सुटतो. संकटात शिसे टाकून वर येता यावे, यासाठी ही रचना आहे. माझ्या बकलाला लोहचुंबक घट्ट चिकटला. वाकवलेले चांगले स्टेनलेस स्टीलही चुंबकाला किंचित ओढ दाखवू शकते, तेव्हा हलक्या ओढीवरून कोणी विक्रेत्याला चोर ठरवू नये. परंतु येथे खिळ्याच्या मुळाशी चकाकीचा मुलामा सुटून तांबूस गंज धरला होता आणि त्या खरबरीत खिळ्यामुळे पट्टा सोडवायला दोन हिसके द्यावे लागत होते. शिवाय पट्टा कायमचा लांबत गेल्यामुळे मला एकेक भोक पुढे जावे लागे आणि मोकळे टोक वाढत जाई. असे लोंबणारे टोक पट्ट्याखाली खोचून टाकण्याचा मोह होतो. ते कधीही खोचू नये, कारण मग घाईत हाताला काहीच सापडत नाही. टोक हातात धरता येईल एवढे ठेवून जादा भाग कापावा, पट्टा इतर सर्व पट्ट्यांच्या वरून बांधावा, आणि उथळ पाण्यात डोळे मिटून, कधी एका तर कधी दुसऱ्या हाताने, तो सोडून पाहण्याचा सराव करावा.

विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार मासलेवाईक होता. वजने कमी भरतात असे कळवल्यावर, पाण्यात प्रत्येक वस्तूचे वजन कमीच भरते, असे उत्तर आले. काटा कोरड्या ओट्यावर होता हे छायाचित्रात दिसत असूनही. गंजाबद्दल विचारले तर बकल गोड्या पाण्याने धुतले नसेल असे सांगण्यात आले. रबराविषयीच्या प्रश्नाला उत्तर आलेच नाही, आणि थोड्याच अवधीत विक्रीच्या पानावरील वर्णनातून ‘नैसर्गिक’ हा शब्द गळाला. मूळ पानाचे छायाचित्र मी जपून ठेवले होते, तेच पुढे कामी आले. परत करण्याची मुदत केव्हाच उलटली होती, कारण ही खोट वापरल्याशिवाय आणि खऱ्या शिशाशी ताडून पाहिल्याशिवाय कळण्यासारखी नव्हती. विक्रेत्याचा सगळा भरवसा या विलंबावरच असतो, असे मला वाटते. म्हणून पाकीट उघडतानाच वजने काट्यावर ठेवावीत, त्याचे चित्रण करावे, आणि पट्टा, बकल व शिसे शक्यतो वेगवेगळ्या ठिकाणाहून, हातात घेऊन पाहून घ्यावे.

ज्या सेवेमार्फत पैसे दिले होते तिच्याकडे शेवटी तक्रार केली. काट्याची आणि पाण्यातल्या वजनाची छायाचित्रे पाहून त्यांनी वजनांची रक्कम परत मिळवून दिली. पट्ट्याबाबत मात्र पदार्थ नेमका कोणता हे प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय ठरवता येणार नाही, असे सांगून त्यांनी तो भाग फेटाळला. अहवालाचा खर्च पट्ट्याच्या किमतीहून अधिक असल्यामुळे मी तो नाद सोडला. बकल कापून मोडीत टाकले आहे, जेणेकरून ते दुसऱ्या कोणाच्या कमरेवर जाणार नाही. नव्या पट्ट्यात मी आता साडेचार किलो शिसे वापरते.